पाच मिलिमीटर

३ मार्च, रविवार

सायकल भिंतीवरून उतरवली!

धाकटा सकाळी आला. चहा अर्धा टाकून उठला, जिन्याखालच्या खोलीचं दार उघडलं आणि तिथूनच ओरडला, "ताई, ही खाली घे. डोंगरावरून एकदा उतरायचंय."

म्हटलं, "पंचेचाळिशीचा घोडा झालास. आणि ती तुझ्याहून म्हातारी. आधी कोण मोडेल सांग."

"तू आहेस ना, दोघांना जोडायला!"

धूड आहे नुसतं. फक्त उतरण्यासाठी केलेली सायकल – चढावर ढकलतच न्यायची. पुढे मोटारसायकलसारखा फोर्क, मागे मनगटाएवढ्या जाड स्प्रिंगचा शॉक. शर्यतीच्या दिवसांत तो वरून यायचा आणि मी खाली पाना घेऊन उभी. तो पडला की लोक त्याच्याकडे धावायचे, मी सायकलीकडे. अजून टोमणे मारतो त्यावरून.

दाढी वाढवली आहे त्याने. नाटकातला म्हातारा दिसतो. जाकीट शेवटपर्यंत काढलं नाही.

५ मार्च, मंगळवार

ऑफिसात दिवसभर फोन. आमच्या कंपनीच्या लिफ्ट आज ठरवून बिघडल्या. एक बाई तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकल्या होत्या, मला फोनवर भाजीची काळजी सांगत बसल्या.

घरी येऊन फोर्क उघडला. आतलं तेल काळं, वास गटारासारखा. तेल आत अडवणारी रबरी सीलं कडक होऊन चिरली आहेत. नळ्यांवर मात्र एक ओरखडा नाही! नवीन सीलं मागवली. तोवर जुनीच घालून फोर्क बंद केला, म्हणजे बाकीची कामं अडणार नाहीत.

९ मार्च, शनिवार

मागच्या ब्रेकच्या नळीत हवेचा एक बुडबुडा आहे. सापडत नाही. अख्खी दुपार गेली.

१० मार्च, रविवार

बुडबुडा निघाला. ब्रेक आता दगडासारखा धरतो.

धाकट्याला मोजमापाला बोलावलं. साधी गोष्ट असते – स्वार बसला की सायकल थोडी खाली बसते. किती बसते ते मागच्या शॉकवर पट्टी लावून पाहायचं. कमी बसली तर खड्ड्याखड्ड्याला उडवते, जास्त बसली तर आपटते. त्याचं माप मला पाठ आहे – बावीस मिलिमीटर. किती वर्षं तेच.

आज सतरा.

"सरळ बस रे."

"सरळच आहे. तुझी पट्टी वाकडी असेल."

पुन्हा बसवला. सतरा. स्प्रिंगवरची चकती सैल केली, तरी फारसा फरक नाही. इतकी वर्षं लटकून शॉक आत कुठेतरी धरला असणार. जाताना म्हणाला, "लवकर कर हं." त्याला कधी नव्हे ती घाई.

१३ मार्च, बुधवार

शॉक उघडला. आतून स्वच्छ! मग सांध्यांची बेअरिंगं काढली. दोन गंजलेली होती, बदलली. मागचा भाग आता बोटाने हलवला तरी लोलकासारखा हलतो. हेच दुखणं होतं. हायसं वाटलं.

१६ मार्च, शनिवार

धाकटा बसला. सतरा!

मी चिडले. त्याच्यावर नाही, लोखंडावर. तो हँडलवर हात ठेवून बसला होता. एरवी मी चिडले की त्याला चेव येतो. आज म्हणाला, "राहू दे ना ताई. सतरा तर सतरा. चालेल मला."

त्याला चालेल? हा माणूस एका मिलिमीटरवरून मला भर उन्हात पुन्हा पाना धरायला लावायचा.

१९ मार्च, मंगळवार

अर्धी रजा टाकून शॉकवाल्याकडे गेले. शहरात हे काम करणारा एकटाच. त्याने शॉक स्प्रिंगसकट दाबयंत्रात धरला, दाबला, सोडला. पुन्हा दाबला.

"काही झालेलं नाही याला."

"मग बसत का नाही?"

"बसतो की. या स्प्रिंगला जितका भार द्याल तितकी बसेल. कोण बसतं यावर?"

"माझा भाऊ. ब्याऐंशी किलो."

"आहे, की होता?"

मला प्रश्नच कळला नाही. त्याने भिंतीवरच्या कागदावर पेन्सिलीने गुणाकार मांडला. "सतरा बसते म्हणता. म्हणजे पासष्टच्या आगेमागे. ताई, शॉक नका उघडू आता. भावाला काट्यावर उभं करा." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं असावं, कारण आवाज खाली आणून म्हणाला, "मऊ स्प्रिंग आहे माझ्याकडे. हवी तर न्या."

नको म्हटलं. का नको म्हटलं, माहीत नाही.

दोन वेळा सायकल खोलली मी. बेअरिंगं बदलली. त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं नाही. दाढी, जाकीट, अर्धा चहा – सगळं समोर होतं. पण लोक पडलेल्याकडे धावतात आणि मी सायकलीकडे.

२१ मार्च, गुरुवार

त्याला ऑफिसखालच्या बाकावर बोलावलं. सरळ विचारलं, "किती भरतोस?"

हसला. "शॉकवाल्याकडे गेलीस वाटतं."

पोटात गाठ आहे. तपासण्या झाल्यात. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती याने पुढे ढकलली. मग दुसरी मिळाली, तीही.

"का?"

"पोट फाडल्यावर परत कोण बसू देणार आहे मला त्या सायकलीवर? तू? आधी एकदा उतरू दे. मग कापा काय कापायचं ते."

"आधी दवाखाना. मग सायकल."

"ताई–"

"ती माझ्या खोलीत आहे. मी जोडल्याशिवाय ती हलत नाही."

"लहानपणी चेंडू लपवायचीस, तसंच चाललंय तुझं."

"लपवायचे, आणि तू रडून रडून अभ्यासाला बसायचास."

तो पुन्हा हसला आणि मला ते सहन झालं नाही. उठताना म्हणाला, "हिला सांगू नकोस. तिला वाटतंय पित्त आहे." हिला म्हणजे माझ्या भावजयीला. सोळा-सतरा किलो वजन उतरलं, आणि म्हणे पित्त!

२४ मार्च, रविवार

सीलं आली. कपाटात ठेवली. धाकट्याचा फोन – "आली का?" म्हटलं, नाही. तिकडून पाठवलीच नाहीत म्हणतात.

तो डॉक्टरकडे जात नाही तोवर सीलं यायची नाहीत. बघू कोण आधी कंटाळतं.

२५ मार्च, सोमवार

पुन्हा फोन. पुन्हा नाही म्हटलं. खोटं बोलताना आता अडखळायला होत नाही.

२७ मार्च, बुधवार

राहवलं नाही. भावजयीला सांगायचंच ठरवून संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. धाकटा अजून कामावरून यायचा होता. ती शिवणयंत्रावर बसली होती. त्याच्या तीन पँट मांडीवर, चौथी सुईखाली.

मी बघत उभी राहिले. ती कमरेत आत घेत होती. आणि जुनी शिवण उसवलेली दिसत होती – म्हणजे आधी एकदा घेतलेलीच होती.

"तुला माहीत आहे," मी म्हटलं.

तिने पाय थांबवला. "तुम्हालाही? मला म्हणाला, ताईला सांगू नको, ती हाय खाईल."

मला म्हणाला, हिला सांगू नको! घरच्याच आम्ही दोघी त्याची एकच गोष्ट एकमेकींपासून लपवत होतो. ती हसायला लागली, मग डोळे पुसले, मग एकदम रागावली. एरवी मला ताई म्हणते. रागावली की वन्सं.

"वन्सं, एक विचारू? ती सायकल होत का नाहीये?"

"मीच होऊ देत नाहीये. म्हटलं, आधी ऑपरेशन कर."

तिने मांडीवरच्या पँट बाजूला ठेवल्या.

"मला त्याने शब्द दिलाय. सायकल झाली, एकदा उतरलो, की दुसऱ्या दिवशी भरती होतो. म्हणून मी रोज त्याला म्हणते, ताईंना फोन कर, लवकर आवरायला सांग. ते सगळे फोन मी करायला लावलेत. आणि तुम्ही..."

मी त्याला दवाखान्यात ढकलायला सायकल धरून ठेवली, आणि तो सायकलीसाठी दवाखाना लांबवत बसला. गाठ मात्र कुणासाठी थांबली नसेल.

"आणि पडला तर?" मी विचारलं.

"तुम्ही जोडलेल्या सायकलीवरून?" ती म्हणाली. "पडला तर पडला. निदान भरती तरी होईल."

२८ मार्च, गुरुवार

रजा. सकाळी शॉकवाल्याच्या दुकानाचं दार उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. त्याच्याकडे मऊ स्प्रिंग काढून ठेवलेलीच होती.

फोर्कला नवी सीलं, नवं तेल. घाई केली नाही. हात घाईत आहेत असं वाटलं की थांबत होते.

२९ मार्च, शुक्रवार

ब्रेकचे नवे पॅड, नवी साखळी, नवे टायर. एकेक बोल्ट पुन्हा तपासला, मग पहिल्यापासून पुन्हा. धाकट्याला फोन केला – "सीलं आली." तो म्हणाला, "कपाटातून ना?" सगळं माहीत असतं याला!

३० मार्च, शनिवार

बसला. मोजलं. बावीस.

या वेळी जाकीट काढून बसला होता. मी पट्टीकडेच बघत राहिले, उगाच जरा जास्त वेळ.

३१ मार्च, रविवार

भावजय गाडी चालवत होती. शेवटच्या वळणानंतर रस्ता संपतो, तिथून सायकल मी ढकलली. धाकटा मागून हळूहळू, मध्येच दगडावर बसत. वर पोचल्यावर बराच वेळ नुसता खाली बघत उभा राहिला. मला वाटलं, नाही म्हणेल. मनातून मला तेच हवं होतं, हे इथे लिहायला हरकत नाही.

हेल्मेट चढवून म्हणाला, "तुम्ही दोघी गाडीने जा खाली. वरून बघत बसू नका, बायकांनो, मला लाज वाटते."

आम्ही खाली येऊन थांबलो. डोंगर ओळखीचा, वळणंही. झाडीतून आधी काही दिसत नाही, फक्त मागच्या चाकाची करकर येते. आली. मग बंद झाली. भावजयीने माझं मनगट धरलं. खूप वेळ काही नाही. मग पुन्हा करकर, आता जवळून, आणि शेवटच्या दगडी उतरणीवर तो दिसला – उभा, गुडघे वाकवलेले, कोपर बाहेर. अगदी तसाच! वजन गेलं तरी उभं राहणं गेलेलं नाही. दगडांवरून सायकल पाण्यासारखी आली.

खाली येऊन उतरला आणि पाय दुमडून तिथेच धुळीत बसला. आम्ही दोघी धावलो. त्याच्याकडे – दोघीही. सायकल पडली ती पडू दिली.

"मध्ये थांबलास का?"

"दम लागला. आणि तिथून नदी दिसते. पूर्वी कधी दिसलीच नव्हती, एवढ्या जोरात जायचो." मग श्वास सावरून म्हणाला, "पुढचा ब्रेक जरा घासतोय, ताई."

खरंच घासत होता. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

१ एप्रिल, सोमवार

शब्द पाळला. सकाळी भरती झाला. नर्सने वजन विचारलं तर म्हणाला, "ताईला विचारा, मिलिमीटरमध्ये सांगेल."

३ एप्रिल, बुधवार

उद्या ऑपरेशन. दाढी काढली त्याने. चेहरा दिसला.

४ एप्रिल, गुरुवार

चार तास सांगितले होते. तासाभरात डॉक्टर बाहेर आले. पोट उघडलं, पाहिलं, परत शिवलं. गाठ सगळीकडे पसरली आहे.

भावजय भिंतीला टेकली. मी विचारलं, "आम्ही थांबलो, महिनाभर... सायकलीसाठी." डॉक्टरांना सायकलीचं काय माहीत! तरी त्यांना कळलं. म्हणाले, "पहिल्यांदा दिलेल्या तारखेला आला असता तरी मी हेच केलं असतं. फक्त मधला महिना त्याने खाटेवर काढला असता."

संध्याकाळी धाकटा नीट शुद्धीवर आला. आमच्या तोंडांकडे पाहिलं, तेवढ्यावर कळलं त्याला. मग म्हणाला, "टाके कधी काढतात?"

"कशाला?" भावजय म्हणाली.

"परत उतरायला."

तिने डोळे पुसले, उठली, आणि खरंच डॉक्टरांना विचारायला गेली.