डावा कौल

ता. ६ मे २००९

पागनीस साहेबांस नमस्कार.

देवाच्या राईला तुमच्या जंगल राखण्याच्या प्रकल्पाचं कुंपण घालण्याआधी तुम्ही गावाची संमती विचारायला आलात. आम्ही म्हटलं, देवाचा कौल घेऊन सांगतो. तुम्ही हसला नाहीत. "देव नाही म्हणाला तर मी नकारच लिहीन," म्हणालात.

गाभाऱ्यात मी गुरव एकटाच होतो. पाषाणाला लावलेल्या कळ्यांतली डावी पडली, म्हणजे देवाचा नकार. बाहेर येऊन मी उजवी सांगितली. माझ्या मुलाला, निकेतला तिथे रखवालदाराची नोकरी लागणार होती.

लागली. काल त्याने माझ्या विधवा वहिनीचा कोयता हिसकावून घेतला. भाताच्या रोपांसाठी तरव्याची जमीन भाजायला ती दरवर्षीसारखी राईतला पाला आणायला गेली होती.

तुम्ही घरोघर वाटलेला तक्रारीचा फॉर्म घेऊन ती माझ्याकडेच आली. 'कोणाविरुद्ध' या रकान्याशी मी थांबलो. ती म्हणाली, "भावोजीनू, तुमच्या झिलाचा नाव नको. देवान हो म्हटल्यान, त्येचाच घाला."

तुम्ही लबाड असतात तर बरं झालं असतं, साहेब. दोष ढकलायला जागा मिळाली असती.

मी देवाचं नाव लिहिलं आणि फॉर्म पोस्टात टाकला. हे पत्र टाकणार नाही.

तुम्ही ज्याच्या शब्दावर सही केलीत तो,
महादू गुरव