वाघाचे नाव चिमूरला जाऊन लिहिले

चिमूर, एस.टी. स्टँड
रविवार, २१ सप्टेंबर २००८

तीर्थरूप वामनमामांस,

करिष्माचा नमस्कार. हे पत्र नेहमीप्रमाणे शेजारचे गुणवंत गुरुजी तुम्हाला वाचून दाखवतील, म्हणून त्यांनाही नमस्कार. (गुरुजी, पत्र लांब आहे. आधी चहा घ्या.) खाणीवरची तुमची पाळी बदलली असेल आणि मामींचा गुडघा आता ओट्याची पायरी चढू देत असेल, असे धरून चालते. घरी आई-बाबा बरे आहेत, धान पोटरीला आले आहे. मीही बरी आहे. हे पत्र मी दोनदा लिहून फाडले. पहिल्यात माझा आनंद फार दिसत होता आणि दुसऱ्यात अजिबात दिसत नव्हता. हे तिसरे आहे, आता जसे होईल तसे होवो. बातमी अशी की कय्यूमभाईंच्या सागवान लॉजची वेबसाईट गुगलच्या पहिल्या पानावर आली, सातव्या क्रमांकावर. कालपासून मी अकरा वेळा पाहिले. ती तिथेच आहे.

तुम्ही म्हणाल यात एवढे काय, म्हणून मुळापासून सांगते. वेबसाईट म्हणजे दुकानाची पाटी, फक्त ती दुकानावर न लागता जगातल्या कोणाच्याही कॉम्प्युटरवर लागते. गुगल म्हणजे रस्ता दाखवणारा माणूस. तुम्ही त्याला विचारले की जंगलापाशी राहायला कुठे मिळेल, तर तो आधी दहा पाट्या दाखवतो. त्या दहांत जो नाही, तो जवळपास नाहीच. आपली पाटी नागपूरच्या एका कंपनीने दोन वर्षांपूर्वी केली होती. मजकूर मात्र त्यांनी दुसऱ्याच कोणत्या तरी हॉटेलचा उचलला, आणि ते हॉटेल हिमालयाकडचे असावे, कारण आमच्या गच्चीवरून बर्फाची शिखरे दिसतात असे त्यात लिहिले होते. कय्यूमभाईंनी ते कधी वाचलेच नाही. (कंपनीचा माणूस टाय लावून आला होता, म्हणून सगळे बरोबरच असणार असे त्यांना वाटले.) या मे महिन्यात पुण्याचे एक कुटुंब आले. सात माणसे, सात स्वेटर. त्या दिवशी सेहेचाळीस डिग्री होते. त्यांच्यातले आजोबा माकडटोपी हातात धरून गच्चीवर गेले आणि शिखरे कोणत्या बाजूला ते विचारू लागले. कय्यूमभाईंच्या आई रहमतबी, ज्यांच्याकडे लॉजचा स्वयंपाक असतो, त्यांनी आजोबांना खाली आणून कूलरपुढे बसवले, पन्हे दिले आणि म्हणाल्या, "मी चाळीस वर्सं इथी हावो भाऊ, मले तर अजून एकबी नाई दिसलं."

ते कुटुंब दुसऱ्या दिवशी गेले आणि कय्यूमभाईंनी मला बोलावले. तोपर्यंत माझे काम फोन घेणे आणि पाहुण्यांची नावे वहीत लिहिणे एवढेच होते. ते म्हणाले, "करिष्मा, तू शिकली हायेस. हे सारं नीट लिहून काढ. वाचणाऱ्याले खरं समजलं पायजे अन् गुगलमंदी आपण वरती दिसलो पायजे. एक ऑक्टोबरले जंगल उघडते, तेथपर्यंत झालं त झालं. नाई त कंपनीलेच देऊन टाकतो. मंग तुले तरी इथी बसवून काय करू?" मामा, हे त्यांनी रागाने म्हटले नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. आपल्या दोन्ही घरांत शाळेत गेलेली मी पहिली. पोरीला शिकवून काय मिळाले, हा प्रश्न गावात अजून पारावर पडून आहे. नोकरी सुटून मी परत गेले असते तर त्याचे उत्तर सगळ्यांना आयते मिळाले असते. बाबा काही बोलले नसते, आणि तेच मला सोसले नसते.

मग मी प्रत्येक वाक्य तपासायला घेतले. जंगलाचे गेट पाच मिनिटांवर, असे लिहिले होते. मी सायकलने जाऊन मैलाचे दगड मोजले, जाताना एकदा आणि येताना एकदा (जाताना उतार आहे). अकरा किलोमीटर निघाले. ‘चोवीस तास वीज’ काढून ‘वीज बहुधा असते, नसल्यास कंदील मिळेल’ असे लिहिले, आणि कंदील मोजल्यावर ‘कंदील दोन आहेत’ हेही घातले. कय्यूमभाईंनी ते वाचून कपाळाला हात लावला. "तू पाहुणे बोलावून राह्यली का हाकलून राह्यली?" पण खोडले नाही. खरा धक्का पुढेच होता. पानाच्या तळाशी बरीच कोरी जागा होती. एकदा तिच्यावरून चुकून माऊस ओढला गेला तर अक्षरे उमटली. पांढऱ्यावर पांढरी. ‘ताडोबा ताडोबा ताडोबा स्वस्त लॉज गोवा बीच ताडोबा’ असे ओळींवर ओळी. मी कंपनीला फोन केला. तिकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, वो तो सब करते हैं. गुगल पढ लेता है, आदमी को दिखता नहीं." दहावीच्या पेपरला आपल्याच कंपासपेटीत दुसऱ्या कोणाची चिठ्ठी निघावी तसे मला झाले. मी ते सगळे पुसून टाकले. (कोणाला विचारले नाही, हे मी कबूल करते.) परिणाम असा झाला की तोवर तिसऱ्या पानावर असलेली वेबसाईट नवव्या पानावर गेली. नववे पान कोणी उघडत नाही. मी उघडत होते, रोज.

आता खोटे तर निघून गेले, पण त्याच्या जागी काही लिहायला पाहिजे होते, आणि खरी माहिती आमच्या मुखरूभाऊंजवळ होती. साठीचे आहेत, पाहुण्यांना जंगल दाखवतात. जंगल पावसाळ्यात बंद, म्हणून ते गेटच्या अलीकडे शेतांच्या बांधांवरून फिरत होते आणि मी वही घेऊन मागे. पावलाचा ठसा ताजा कसा ओळखायचा (कडेची रेती अजून ढासळत असते), सांबर कोणत्या आवाजात ओरडले की जीप थांबवायची, असे त्यांनी तीन सकाळी सांगितले आणि मी पंधरा पाने लिहिली. माणूस बोलला ते त्याला न विचारता छापायचे नाही, म्हणून सगळे त्यांना वाचून दाखवले. पहिल्याच ओळीला त्यांनी माझा हात धरला. "त्याचं नाव नको घेऊ बाई." मी विचारले, कोणाचे. ते जंगलाकडे पाहून म्हणाले, "तेच त सांगून राह्यलो. जंगलात बसून त्याचं नाव घेत नसतेत. तो ऐकते. मंग एक त येते, नाई त वर्सभर दिसत नाई. दोनी वाईटच." मग काय लिहू, म्हटले. "‘तो’ लिही. साऱ्याले समजते." पुण्याच्या लोकांना समजेल का, म्हटले. "गेटापाशी आले का समजते."

माहिती त्यांची, तेव्हा अट त्यांची. मी पंधरा पानांतून तो शब्द एकूण एक काढला. मराठीतून काढला आणि खालच्या इंग्रजीतूनही काढला. लेख वेबसाईटवर चढवला, आणि मामा, खरे सांगते, तो चांगला झाला होता. रहमतबींनी दोनदा वाचून घेतला. पण ऑगस्ट गेला तरी आम्ही नवव्या पानावरच. फोन एक आला, अमरावतीच्या एका बाईंचा. त्यांनी फार आदराने विचारले, त्यांचे दर्शन किती वाजता असते. मी सांगितले की त्यांची वेळ ठरलेली नसते. शेवटी कय्यूमभाईंनी स्वतः खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पान वरपासून खालपर्यंत वाचले. मग म्हणाले, "दुनिया वाघ पाहाले येते. वाघ लिहूनच शोधते. अन् आपल्या पानावर अकरा किलोमीटर हाय, कंदील हाय, वाघ काऊन नाई?" मी कारण सांगितले. ते मुखरूभाऊंना चांगले ओळखतात, म्हणून रागावले नाहीत, फक्त कॅलेंडरकडे पाहिले. त्या दिवशी तीन सप्टेंबर होता.

एका बाजूला नोकरी आणि दुसऱ्या बाजूला दिलेला शब्द. मी दोन दिवस जेवले नाही. (जेवले, पण थोडे.) मग मुखरूभाऊंकडेच गेले आणि विचारले, भाऊ, ते नाव कुठेच घेत नाहीत का? ते हसले. "घेतेत ना. चिमूरच्या बजारात घेतेत, एस.टी.त घेतेत. जंगलात नाई घ्यायचं." मग वेबसाईट जंगलात धरायची की बाहेर? यावर त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. ती वस्तू ठेवली कुठे असते, असे त्यांनी विचारले, आणि मला माहीत नव्हते. मी नागपूरला फोन लावला. तो मुलगा म्हणाला, अमेरिकेत असते, एका इमारतीत. मुखरूभाऊ म्हणाले, "इचार त्याले, तिथी जंगल हाय का." मी विचारले. मुलगा म्हणाला, मॅडम, वहाँ एसी है. हे सांगितल्यावर मुखरूभाऊंनी पुष्कळ विचार केला आणि निकाल दिला. "मंग तिथी राहू दे नाव. पण लिहिणं इथी बसून नको करू. लिहिताना माणूस मनात बोलतेच."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी काळी-पिवळी जीपने चिमूरला आले आणि सायबर कॅफेत बसून जिथे जिथे ‘तो’ होता तिथे तिथे वाघ लिहिला. गुगलसाठी जास्तीचा एकही नाही, फक्त जिथे वाक्याला हवा होता तिथे. एकेचाळीस वेळा झाला, इंग्रजीत अडतीस. आठ दिवसांनी पाचवे पान, मग दुसरे, आणि काल पहिले. कय्यूमभाईंनी आनंदाने पान मोठ्याने वाचायला घेतले तेव्हा मुखरूभाऊ ओसरीवरून उठून चालू लागले, म्हणून आता लॉजमध्ये ते पान सगळे मुक्याने वाचतात. हे पत्रही मी लॉजवर न लिहिता इथे स्टँडवर बसून लिहिते आहे, ते यासाठीच. (तुमच्याकडे राजुऱ्याला मोठ्याने वाचलेले चालेल का, हे मी मुखरूभाऊंना विचारले आहे. खाणीने जंगल खाल्ले तिथपासून पुढे चालते, म्हणाले. गुरुजींनी निश्चिंतपणे वाचावे.) नोकरी राहिली, मामा. बाबांना तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून फुशारकी वाटेल.

तुमची भाची,
करिष्मा

ता. क. : एक तारखेच्या आत तुम्ही आणि मामींनी लॉजवर एक रात्र राहायला यावे. नुसते आग्रहाचे नाही, आवश्यक आहे. कंपनीने ‘पाहुणे काय म्हणतात’ या सदरात आठ अभिप्राय घातले होते, आठही बनावट. मी ते काढले. कय्यूमभाई म्हणाले, एक तरी ठेव, कोरं वाईट दिसते. खरा अभिप्राय फक्त पुण्याच्या आजोबांचा होता आणि तो छापण्यासारखा नव्हता. मग एका संध्याकाळी माझ्या हातून असे लिहिले गेले : ‘पाणी गरम मिळाले. चार नंबरच्या खोलीतला पंखा आवाज करतो, पण झोप लागते. पत्नीने रहमतबींच्या हातची वास्त्यांची (बांबूच्या कोंबांची) भाजी दोनदा घेतली. वामनराव, राजुरा.’ सगळे खरे आहे, फक्त तुम्ही आलेला नाहीत.

ता. क. दुसरे : लोक सगळ्यात जास्त तेच वाचतात. चार फोन आले, चौघांनी चार नंबरचीच खोली मागितली. जो पंख्याचे सांगतो तो खोटे बोलणार नाही, असे एकाने म्हटले आणि मला फोन ठेवावासा वाटला. एक तारखेपासून ती खोली भरली आहे, अठ्ठावीस तारखेला मोकळी आहे. तुमच्या नावाने धरली आहे.

ता. क. तिसरे : (गुरुजी, हे मामी चुलीपाशी गेल्यावर वाचा.) मामी बांबूचे वास्ते तोंडात धरत नाहीत, हे मला लिहितानाही माहीत होते. रहमतबींना सांगून वाटी अगदी लहान घेऊ. पण दोनदा घ्यावी लागेल.