तुझी ती पोरं

आई, मागच्या महिन्यात मी लातूरला तुझ्या ऑफिसात जाऊन आले. तुझं म्हणजे तू जिथं परिविक्षा अधिकारी होतीस ते. आता इमारत दुसरी आहे, बाहेर लोखंडी बाकडी आहेत, आणि त्यातल्या एकावर मी तुझ्या नातवाला घेऊन बसले होते. त्याला सोळा पूर्ण झालीत. दहावीनंतर आम्ही त्याला नांदेडहून लातूरला क्लासला टाकलं, सगळे टाकतात तसं. डॉक्टर व्हायचं म्हणून. तिथं होस्टेलवर त्यानं आणि आणखी दोघांनी मिळून खोलीतल्याच एका पोराला मारलं. त्या पोराच्या कानाचा पडदा फाटला. पोलीस आले, आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढं गेलं. फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. खरं सांगते, पहिल्यांदा मला पोराची नाही, तुझी आठवण आली. वाटलं, आता तू असतीस तर धावत आली असतीस. माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. तुझ्या पोरांतलाच एक झाला ना तो.

तुझी पोरं. गुन्ह्यात सापडून तुझ्याकडं यायची ती. कुणी त्यांना गुन्हेगार म्हटलं की तू तिथल्या तिथं बोलणाऱ्याला थांबवायचीस, मग तो फौजदार का असेना. मला त्यातला एकच नीट आठवतो, देवणीकडचा. शाळेला सुट्टी होती आणि घरी कुणी नव्हतं म्हणून तू मला सोबत नेलं होतंस. एसटीनं देवणी, तिथून जीपनं त्यांच्या गावी. त्यानं चुलत्याची सोयाबीनची गंज पेटवली होती. वर्षभराचं पीक जळून गेलं होतं. गावातलं कुणी आपल्याला घर दाखवायला तयार नव्हतं. घरात शिरल्यावर त्याच्या आईनं सतरंजी टाकली, पण तू गोठ्याजवळ, तो बसला होता तिथं, जमिनीवरच जाऊन बसलीस. मी दारात उभी. बिनदुधाचा चहा आला. तू आधी त्याला प्यायला लावलास आणि मग म्हणालीस, ‘‘त्या दिवशी सकाळी उठलास, तिथून सांग.’’ आणि गप्प बसलीस. आई, तू किती गप्प बसलीस. गाय शेपूट हलवते आहे, त्याची आई पदरानं डोळे पुसते आहे, परतीची जीप निघून जाईल म्हणून मी तुला खुणावते आहे, आणि तू माझ्याकडं बघतसुद्धा नाहीस. शेवटी तो म्हणाला, ‘‘चुलत्यानं मायला बांधावर मारलं. बघणारे लई होते. कुणी उठलं न्हाई.’’ तू नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवलास. मी त्याच्याच वयाची होते. पाठ मलाही होती.

मंडळानं त्याला आईच्या ताब्यात दिलं आणि तुझ्या देखरेखीखाली ठेवलं. मग तो दर महिन्याला हजेरीला लातूरला यायला लागला, आणि जेवायची वेळ असली की तू त्याला क्वार्टरवर घेऊन यायचीस. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसायचा तो. तू भाकरी थापता थापता त्याला बोलतं करायचीस. गोठ्यात काय चाललंय, चुलता आता बोलतो का, रात्री झोप लागते का. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून सगळं ऐकायची. गरम भाकरी आधी त्याला. बाहेरून दहावीच्या परीक्षेला बसला तेव्हा तू त्याला पांढरा शर्ट आणलास, आणि कॉलर बसते का ते स्वतः बघितलंस. मला कपडे आणायला तू मामीसोबत पाठवायचीस, तुला वेळ नसायचा.

आणि त्याच वर्षी मी वर्गात एका पोरीच्या कानशिलात मारली. तुला शाळेत बोलावलं. तू ऑफिसातून तशीच आलीस, मोठ्या बाईंची माफी मागितलीस, त्या पोरीची मागितलीस. घरी आल्यावर म्हणालीस, ‘‘तुला काय कमी हाय? ज्यांना काही मिळालं नाही त्यांनी केलं तर मी समजू शकते. तू कसं केलंस?’’ तो प्रश्न नव्हता, आई. प्रश्न असता तर तू थांबली असतीस. तू कुकर लावायला उठलीस. मी सकाळी उठले तिथून सांगायला तयार होते. ती पोरगी म्हणाली होती, तुझ्या आईला तुझ्यापेक्षा चोरटी पोरं आवडतात. मी मारलं कारण मलाही तसंच वाटत होतं.

तू गेलीस तेव्हा देवणीकडचा तो आला. कुणी कळवलं होतं ठाऊक नाही. तुला मुलगा नाही म्हणून मामाच्या पोरानं अग्नी दिला, आणि दहाव्याला त्याच्या शेजारी हा जाऊन बसला आणि न्हाव्याला म्हणाला, माझेही केस काढा. बायका रडायला लागल्या. लोक म्हणाले, पुण्यवान बाई, बघा पोरं कशी जोडली. मी केसांची वेणी घट्ट धरून लांब उभी होते. मला त्याचा जेवढा हेवा त्या दिवशी वाटला तेवढा जन्मात कुणाचा वाटला नाही, दागिन्यांवाल्या नणंदेचाही नाही.

म्हणून सांगते, मागच्या महिन्यात त्या बाकड्यावर बसले तेव्हा मला वाटलं होतं की आता तरी ही भावना संपली असेल. आपलं पोर अडकल्यावर कुणाला हेवा सुचतो? मंडळापुढं मॅजिस्ट्रेटबाई होत्या, दोन सदस्य होते, सगळे साध्या कपड्यांत, साध्या टेबलाशी. आवाज कुणी चढवला नाही. मग एक तरुण अधिकारी याला आतल्या खोलीत घेऊन गेला. दार नीट लागत नव्हतं. तो म्हणाला, ‘‘घाई नाही. तुला जिथून सांगावं वाटतं तिथून सांग.’’ आणि गप्प बसला. तेच तुझं गप्प बसणं. मी बाहेर, आणि आत माझा पोरगा बोलायला लागला तो थांबेचना. तेव्हा मला त्याची काळजी वाटायला हवी होती. मला त्याचाच हेवा वाटला, आई. पोटच्या पोराचा.

तो काय बोलला ते मला त्या अधिकाऱ्याकडून कळलं. लातूरहून एसटीनं घरभेटीला आला होता नांदेडला. पोरगा दोन महिने क्लासला जातच नव्हता. डबा घेऊन निघायचा आणि गंजगोलाईच्या बाजारात दिवसभर फिरून परत यायचा. खोलीतल्या पोरानं ते वॉर्डनला सांगितलं म्हणून त्याला मारलं. ‘‘त्याला डॉक्टर व्हायचंच नाही, मॅडम. पण घरात हे बोलायची सोय नाही असं म्हणतो.’’ हे जावईबुवा तुझे, तिथंच ओरडणार होते. मी हातानं थांबवलं. पुढं मंडळानं त्याला घरी पाठवलं, वर्षभर देखरेख सांगितली, आणि दर रविवारी सरकारी दवाखान्यात काम. कान फाटलेल्या पोराच्या घरी आम्ही तिघं जाऊन आलो. त्याच्या आईनं पाणी दिलं, चहा दिला नाही. बरोबरच केलं तिनं. आता पोरगा इथंच नांदेडला आयटीआयला जातो म्हणतोय, बघू.

पण मला तुला सांगायचंय ते त्या घरभेटीचं. तो अधिकारी खुर्ची सोडून पोराशेजारी खाली बसला. मी चहा दिला तर आधी पोराकडं सरकवला. मी बघत राहिले तसा हसून म्हणाला, ‘‘आमच्याकडं फार पूर्वी एक बाई होत्या. मी पाहिल्या नाहीत. पण जुने लोक नव्या माणसाला त्यांचंच सांगतात. पोराला आधी चहा पाजा, मग विचारा.’’ मग अहवालासाठी घरच्यांची माहिती विचारू लागला. माझं शिक्षण, ह्यांची नोकरी. शेवटी विचारलं, ‘‘आणि तुमच्या आई? त्या काय करायच्या?’’

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. त्याला माहीत आहे तू काय करायचीस. नुसतं नाव घेतलं असतं तर तो माणूस उठून उभा राहिला असता, तुझ्या आणखी दहा गोष्टी त्यानं मला सांगितल्या असत्या, आणि मला त्या ऐकत बसावं लागलं असतं.

मी म्हणाले, ‘‘घरीच असायची.’’