साडेपाचचा फोन

१४ नोव्हेंबर, रविवार, दुपार

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी मजेत आहे, तुम्हीही ठीक असाल, असं लिहिणार होतो. पण काल ताईचा फोन आला आणि ते वाक्य लिहायची सोय राहिली नाही. डोळ्याच्या ऑपरेशनची दुसरी तारीखही तुम्ही परत केलीत म्हणे. उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, डावाही अधू, आणि आणखी लांबवलं तर डॉक्टर कसलीच खात्री देत नाहीत. कारण काय, तर पोराची नेटवर्किंगची परीक्षा तोंडावर आहे, डोळ्याला पट्टी बांधली तर त्याला प्रश्न कोण विचारणार? ताई चिडली होती तुमच्यावर, बोलणी मात्र मी खाल्ली.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. नाहीच लागलं तर ताईकडून वाचून घ्या, पण तिला सांगा, मध्ये थांबून टोमणे मारायचे नाहीत.

आधी इकडचं सांगतो. तुम्ही आखून दिलेल्या अभ्यासाच्या वेळापत्रकाचा कागद अजून फ्रिजवर आहे. अठ्ठावीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर असलेला माणूस. त्याने अभ्यासातही तासाला दहा मिनिटं उशिरासाठी सोडलेली. तेव्हा मी हसलो होतो. पण तीच दहा मिनिटं कामाला आली. त्याआधी मी रोज चार तासांचे बेत करायचो, पहिल्याच दिवशी मोडायचो आणि मग आठवडाभर पुस्तकाला तोंड दाखवायचो नाही. दोनदा आपटलो ते काही डोकं कमी म्हणून नाही. दिवसभर लोकांच्या टेबलांखाली शिरून केबल ओढायच्या आणि संध्याकाळी या खोलीत यायचं. पास झालास का, हे विचारणारं कुणी नाही. मग पुस्तक उघडायचं तरी कुणासाठी?

आई होती तेव्हा तुम्ही कधी फोनवर आला नाहीत. मागून नुसता आवाज यायचा, जेवला का विचार. ती गेल्यावर आपण दोघं फोन धरून बसायचो. हवा कशी आहे, पाणी येतंय का, ठेवतो. दोन मिनिटांत विषय संपायचे. मग एकदा मी म्हणालो, पहाटे जागच येत नाही, आणि तुम्ही म्हणालात, "मी उठवतो."

त्या दिवसापासून रोज साडेपाचला फोन. मी पाठवलेल्या वहीतले पंधरा प्रश्न तुम्ही वाचायचे, मी उत्तरं द्यायची. सबनेट कशाशी खातात हे तुम्हाला ठाऊक नाही, पण माझा आवाज जरा डळमळला की तुम्ही लगेच पकडायचात. नक्की का? परत सांग. मी क्लासही लावला होता, पण खरा अभ्यास त्या 'नक्की का'ने करून घेतला.

आता मुद्द्यावर येतो, मघापासून टाळतोय.

बाबा, मी पास झालोय. काल-परवा नाही, सहा ऑगस्टला. हजारात आठशे ऐंशी. त्याच संध्याकाळी तुम्हाला सांगणार होतो. फोन हातात घेतला आणि मनात आलं, आता उद्या साडेपाचला बाबा मला कशाला फोन करतील? सकाळी फोन वाजला. उठलास का रे, पहिला प्रश्न. मी मुकाट्याने उत्तर दिलं. पुढे परीक्षेची तारीख लांबली अशी थाप मारली, मग आणखी एक. ऑफिसात आता मला टेबलाखाली शिरावं लागत नाही, वरच्या मजल्यावर बसायला जागा दिलीय. बाकी खोली तीच आणि ताटही एकच.

तुमचंही एक मला कळलंय. गेला महिनाभर तुम्ही तेच पंधरा प्रश्न, त्याच क्रमाने विचारताय. मला वाटलं, उजळणी घेताय. परवा म्हणालो, चाळिसाव्या पानावरचा विचारा, तर तुम्ही म्हणालात, वही आत राहिली. ताई सांगत होती, वही महिनाभर उघडलेलीच नाही. संध्याकाळी खुर्चीत बसून तुम्ही ते पंधरा प्रश्न घोकत असता, सकाळी अडायला नको म्हणून. ते ऐकल्यावर मी तिला नंतर बोलतो म्हणून सांगितलं आणि रडलो. माझी मला लाज वाटली. झालेल्या परीक्षेपायी मी तुमचा डोळा घालवायला निघालो होतो.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची तारीख ताईने पुन्हा घेतलीय. मी बुधवारी येतोय, पंधरा दिवसांची रजा मंजूर झालीय. ही तारीख परत करायची नाही. चिडायचं असेल तर मी आल्यावर समोर बसवून चिडा.

हे फोनवरही सांगता आलं असतं. चार वेळा ओठांवर आलं, पण तुम्ही 'पहिला प्रश्न' म्हणालात की गिळलं. मला भीती एकच आहे. परीक्षा नाही, वही नाही, तर आपण बोलणार काय? मला बोलता येत नाही आणि तुम्हालाही. तरी रजा संपवून मी इकडे परत आल्यावर फोन बंद करू नका. उठलास का रे, एवढंच विचारा आणि ठेवा.

खरं म्हणजे मला उठवायचीही गरज उरलेली नाही. ऑगस्टपासून मी पाचलाच उठून फोन हातात घेऊन बसलेला असतो. तरी करा.

वाट बघणारा,
तुमचा मुलगा