वखारीच्या भिंतीवरचे ओघळ

३० जानेवारी १९५६

आजही आला नाही! गोळीबार झाला त्या दिवशी अच्युत भरल्या ताटावरून उठून गेला तो गेलाच. पकडलेल्यांत नाव नाही, हॉस्पिटलात नाही. त्याचा मित्र दत्ताराम म्हणतो, 'ताई, पोस्टरं लावणाऱ्यांत असेल कुठेतरी लपून. काळजी करू नका.' म्हणे काळजी करू नका! आई ताटाला नुसता हात लावून उठते. अप्पा सरकारी नोकर, त्यामुळे घरात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचं नाव काढायचं नाही. पेपर तोंडासमोर धरून बसतात. पोटचा पोर बेपत्ता आणि पेपर वाचवतो तरी कसा यांना?

१ फेब्रुवारी

सापडला! म्हणजे तो नाही, त्याची खळ. सकाळी गॅलरीत गेले तर समोरच्या लाकडाच्या वखारीच्या भिंतीवर नवं पोस्टर, आणि खाली पांढरे ओघळ पार गटारापर्यंत. इतकी भिकार खळ गिरगावात दुसरं कोण करणार! नोव्हेंबरात आमच्याच स्टोव्हवर करायचा. पीठ आधी गार पाण्यात कालवावं, मग शिजवावं — नाही. हा कढत पाण्यात पीठ लोटणार, गुठळ्या झाल्या की वर आणखी पाणी ओतणार. ओरडले की म्हणायचा, 'ताई, तुझं फिजिक्स कॉलेजात ठेव. चिकटल्याशी मतलब.'

आईला हाताला धरून गॅलरीत आणलं, ओघळ दाखवले. 'त्याचेच गं!' म्हणाली आणि रडली. मग वरणभात जेवली. पोटभर! अप्पा पेपरामागेच.

४ फेब्रुवारी

कॉलेज उघडलं. व्हिस्कॉसिटीचं प्रॅक्टिकल. उंच नळीत एरंडेल, त्यात सायकलचे छर्रे सोडायचे आणि तळाला जायला किती वेळ लागतो ते मोजायचं. माझं उत्तर साफ चुकलं. सर म्हणाले, 'मिस कोठारे, नळीवर ऊन येतंय, दिसत नाही? तेल तापलं की पातळ होतं.' लक्ष कुठे होतं माझं!

मी आजवर समजत होते, दाट म्हणजे जड. पण एरंडेल पाण्यावर तरंगतं, आणि तरी ओतताना जीव खातं. वजनाचा संबंधच नाही. आतला एक थर शेजारच्या थराला सरकू देत नाही, धरून ठेवतो, म्हणून ते सावकाश वाहतं. आमच्या घरासारखंच की! सगळे एकमेकांना धरून बसलेत आणि बोलत कोणीच नाही.

मग खळ तापवल्यावर घट्ट का होते? विचारलं. सर हसले. 'अहो, ती शिजते. पिठाचे कण पाणी पिऊन फुगतात, वाट अडवतात.' म्हणजे गुठळीच्या आतलं पीठ कोरडंच राहतं, आणि बाहेरचं पाणी मोकळं. ओघळणारच! अच्युतला सांगायला हवं. केव्हा सांगू?

५ फेब्रुवारी

भिंतीवर नवीन काही नाही. आई जेवली नाही.

७ फेब्रुवारी

नवं पोस्टर. ओघळ! अप्पा दुधाच्या बाटल्या घेऊन आले, त्यांना म्हटलं, 'बघितलंत का?' 'काय?' म्हणाले, आणि आत गेले. दगड आहेत नुसते. आई जेवली.

१० फेब्रुवारी

करी रोडला मावशीकडे जाऊन आले. तिथली पोस्टरं कशी टकाटक, एक ओघळ नाही. म्हणजे अच्युत इथेच, घराजवळ आहे. मग एकदा जिन्यात येऊन तोंड दाखवायला काय होतं त्याला? पुस्तक उघडते, मिटते. गॅलरीत जाते, आत येते. चैन नाही जिवाला.

१४ फेब्रुवारी

राहवेना. सकाळी खाली जाऊन भिंतीला हात लावला. खळ ओलीच होती. पातळ, पण गुठळी एक नाही! बोटावर घेऊन चोळली — मऊ, एकजीव. कुणीतरी नीट कालवून, मन लावून शिजवली आहे आणि मग मुद्दाम पाणी घातलंय. अच्युतला इतका धीर? सात जन्मांत नाही.

मग कोण? चांगली खळ कोण कशाला बिघडवेल? ओघळांचं मी बाहेर कोणाशी बोलले नाही. फक्त आईशी. आणि पेपरामागे अप्पा.

१५ फेब्रुवारी

अप्पांच्या कोटाची बाही खळ वाळून कडक झाली आहे.

विचारलं. आधी बाही दुमडून घेतली. मग हळूच म्हणाले, 'भिंत बघितल्याशिवाय तुझी आई जेवत नाही.'

'आणि अच्युत?'

'मला काही कळलेलं नाही गं, उर्मिले.'

पाच तारखेला आई जेवली नाही तेव्हापासून खळ दत्तारामच्या खोलीवर शिजवतात, पोस्टर त्याच्याकडूनच घेतात. पहाटे दूध आणायला जातात तेव्हा लावतात. कोणी बघितलं तर नोकरी जाईल. आणि मी त्यांना दगड म्हटलं! खूप रडले.

१६ फेब्रुवारी

अप्पांना म्हटलं, 'गुठळ्या नाहीत. आईच्या लक्षात येईल.' आज दत्तारामच्या खोलीवर मी गेले. पीठ कढत पाण्यात लोटलं.

१७ फेब्रुवारी

आई गॅलरीत बराच वेळ उभी होती. आत आली, अप्पांच्या पानात वरण वाढलं आणि म्हणाली, 'आज अगदी अच्युतसारखी जमली हो तुम्हांला.' मग स्वतःचं पान घेऊन जेवायला बसली.