चांदबीच्या कपाळावरचं कुंकू

१७ सप्टेंबर, दिवेलागण. उदगीर.

लिही गं पोरी, मी बोलते तसंच लिही. तुझी कॉलेजातली मराठी माझ्या तोंडात घालू नको.

आज मुक्तिदिनाची सुट्टी, म्हणून टीव्हीवर लढाईचा सिनेमा लावला होता. परदेशातलं शहर. शत्रू पळाला, फौज आली, बाया सैनिकांचे मुके घेत होत्या. मी म्हणलं, आमच्याकडं फौज आली तवा असलं काही झालं न्हाई, आमचं नशीबच फुटकं! सगळे हसले. तिथंच सिनेमा संपला. तिथंच कसा संपला?

आमच्याकडं फौज आली, निजामाचे रझाकार पळाले अन् आपलीच माणसं कुऱ्हाडी घेऊन मुसलमानांची घरं हुडकू लागली. मी लहान होते. शेजारची चांदबी, बांगड्या भरणारी, आमच्यात लपली. आईनं तिला कुंकू लावून जात्यावर बसवलं. कुऱ्हाडवाले दारात आले.

"ही कोण?"

"माझी नणंद."

"बोलंना का?"

"सासरी लई बोलली, म्हणून तर माहेरी हाय."

तेही हसले अन् गेले.

सांजच्याला कळलं, तिच्या नवऱ्याला मारून आडात टाकलं. चांदबी बांगड्या फोडायला निघाली. आईनं मनगटं धरली. "मोकळे हात दिसले तर तुलाबी नेतील."

मग रोज सकाळी आई तिला कुंकू लावायची. नवरा मेलेल्या बाईला कुंकू! चांदबी कपाळ पुढं करायची. मग जात्यावर बसायची.

मारामारी थांबून वाटा उघडल्यावर तिचा भाऊ न्यायला आला. तवा ती आमच्या उंबऱ्यावर बसली, एकेक बांगडी फोडली, अन् मग कुठं मोठ्यानं रडली.