परसातलं पाइनचं झाड

५ एप्रिल

वन्संना नमस्कार,

इकडे सगळे बरे आहेत. तुम्हीही बऱ्या असाल. पत्र लिहायची मला हौस नाही, तुम्हाला ठाऊक आहे. अक्षर लागलं नाही तर शेजारणीकडून वाचून घ्या.

वनखात्यानं रोपवाटिकेतून काढून मला आता जळक्या जंगलात झाडं तपासायला घातलंय. एका हातात कोयता, दुसऱ्यात लाल रंगाचा डबा. बुंध्याची साल थोडी सोलायची. आत ओलं, पांढरं दिसलं तर सोडायचं. सुकं, तपकिरी दिसलं तर फुली. मागून तोडणारे येतात.

गंमत म्हणजे ही आगीत मेलेली झाडं नाहीत. आगीला तीन वर्षं झाली. वाचली म्हणून आम्हीच नाचलो होतो. साहेब म्हणतात, आगीनं झाड अर्धं केलं, उरलेलं काम पाऊस नसलेल्या दोन वर्षांनी केलं. धडधाकट पाइन राळ सोडून किड्याला बाहेर ढकलतं. तहानलेल्याकडे राळ कुठली? किडा आरामात आत शिरतो.

तुमचे भाऊही त्या आगीतून चालत बाहेर आले होते. 'बरा आहे असं लिही' म्हणाले, ते वर लिहिलं. खरं ते असं. थंडीत साधी सर्दी झाली, ती छातीत उतरली. धुरानं फुप्फुसं आधीच गेलेली. खाट मागच्या खिडकीशी नेलीय, नाकाला नळी आहे. डॉक्टर म्हणाले, नातेवाइकांना कळवा. मी पुढे विचारलं नाही.

जीभ तेवढी शाबूत. मी कामावरून आले की विचारतात, "माझ्यावर फुली कधी मारतेस?"

"रंग सरकारी आहे. घरच्या माणसांवर उडवायचा नाही."

परसातलं ते पाइन, ज्यावरून पडून तुमचा दात गेला, त्याचा शेंडा तांबूस झालाय. बुंध्याशी किड्यांनी भुसा पाडलाय. वाऱ्यात पडलं तर छपरावरच येईल. मी डबा घेऊन गेले तर हे खिडकीतून ओरडले. ओरडले कसले, खोकले.

"ताईला दाखवल्याशिवाय हात लावू नकोस."

घर विकायच्या भांडणानंतर तुमचं नाव यांनी पहिल्यांदा घेतलं.

कोण बरोबर ते मला विचारू नका. दोघं एकाच माळेचे मणी. ताईला बोलवू का विचारलं तर नाहीच म्हणतील. म्हणून मीच सांगून टाकलंय, वन्सं झाड बघायला येतायत. तुम्हीही तेच म्हणा. आधी परसात जा, खिडकीतून दिसेल असं उभं राहून झाड नीट बघा, मग आत या.

साहेबांना सांगून झाडाची तोड थांबवून धरलीय. बाकीचं थांबवणं माझ्या हातात नाही.

तुमची भावजय